समुद्रावरील टक्कर : धोका ओळखण्याचे व टाळण्याचे शास्त्र



ज्यांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुवर्यांनी या शाळेत भूमिती शिकवली. मी आयुष्यभर मराठी शिकवीत आलो. अशा वेळी जहाजांच्या टकरीसारखा विषय निवडावा, हे काहींना विषयांतर वाटेल. परंतु या विषयात भूमिती आणि भाषा या दोहोंची गाठ जशी पडते, तशी अन्यत्र क्वचितच पडत असेल. दोन जहाजे एकमेकांवर आदळणार की नाही, हे भूमिती सांगते. ती आदळू नयेत म्हणून कोणी काय करावे, हे नियमांची भाषा सांगते. शिवाय आपण गोमंतकीय. आपल्या गावागावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे ‘तारवटी’ म्हणून बोटीवर गेली, आपला मासळीचा बाजार तांडेल आणि खलाशी यांच्या जिवावर भरतो, आणि मुरगाव बंदर आपल्या दारात आहे. म्हणून हा विषय आपल्याला परका नाही. तो शक्य तितक्या सोप्या रीतीने मांडण्याचा प्रयत्न करतो.

अफाट समुद्रात टक्कर कशी?

पहिला प्रश्न साहजिक आहे. समुद्राला ना भिंती, ना वळणे. मग दोन जहाजांना एकमेकांवर आदळण्याचे कारण काय? उत्तर असे की समुद्र अफाट असला तरी वाटा अफाट नसतात. सामुद्रधुन्या अरुंद असतात, बंदरांची तोंडे त्याहून अरुंद असतात, आणि इंधन व वेळ वाचवण्यासाठी सगळेच कप्तान नकाशावर जवळपास तीच रेघ ओढतात. त्यात मासळी जेथे मिळते तेथे शेकडो मचवे आणि ट्रॉलर एकवटलेले असतात. म्हणजे समुद्राचा बराचसा भाग ओस असतो आणि थोडा भाग पेठेसारखा गजबजलेला असतो. टकरी या पेठेत होतात.

दुसरी गोष्ट जडत्वाची. रस्त्यावरच्या वाहनाला ब्रेक असतो. जहाजाला तसा तो नाही. पाण्यात चालणारे, हजारो टन वजनाचे धूड यंत्र उलटे फिरवले तरी लगेच थांबत नाही. भरलेले मोठे तेलवाहू जहाज पूर्ण वेगातून थांबायला कित्येक किलोमीटर अंतर घेते. सुकाणू वळवल्यावरही ते काही क्षण जुन्याच दिशेने सरकत राहते, आणि वळताना त्याची पिछाडी बाहेरच्या बाजूला फेकली जाते. तेव्हा संकट डोळ्यांसमोर दिसल्यावर काही करू म्हटले, तर करण्यासारखे फारसे उरलेले नसते. म्हणून समुद्रावरील शहाणपण हे संकट दिसण्यापूर्वीच ते ओळखण्याचे शहाणपण आहे.

हे शहाणपण हरवले तर काय होते, याची सर्वांत भीषण साक्ष फिलिपाईन्सजवळची आहे. २० डिसेंबर १९८७ रोजी ‘डोना पाझ’ ही खच्चून भरलेली प्रवासी बोट आणि ‘व्हेक्टर’ हे तेलवाहू जहाज यांची रात्रीच्या वेळी टक्कर होऊन आग भडकली. चार हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकली. शांततेच्या काळात एवढी जीवितहानी दुसऱ्या कोणत्याही सागरी अपघातात झालेली नाही.

स्थिर दिशा आणि घटते अंतर

आता गुरुवर्यांच्या आवडत्या विषयाकडे, म्हणजे भूमितीकडे वळू. आपले जहाज ताशी १२ सागरी मैल, म्हणजेच १२ नॉट वेगाने उत्तरेकडे चालले आहे, असे समजा. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. तेव्हा हा वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर झाला. पूर्वेकडून दुसरे जहाज त्याच वेगाने पश्चिमेकडे येत आहे. दोघांच्या वाटा पुढे एका बिंदूत छेदतात आणि दोघेही त्या बिंदूपासून सहा-सहा मैलांवर आहेत. या क्षणी ते जहाज आपल्याला उत्तरेपासून पूर्वेकडे बरोबर ४५ अंशांवर, साडेआठ मैलांच्या अंतरावर दिसेल. पंधरा मिनिटांनी दोघेही तीन-तीन मैल पुढे आलेले असतील. अंतर निम्मे, म्हणजे सव्वाचार मैलांच्या आसपास झाले असेल, पण दिशा? ती पुन्हा ४५ अंशच. आणखी साडेसात मिनिटांनी अंतर पुन्हा निम्मे, दिशा तीच. बरोबर अर्ध्या तासाने दोन्ही जहाजे एकाच जागी.

हे समरूप त्रिकोणांचे उदाहरण आहे. त्रिकोण लहान लहान होत जातो, कोन मात्र बदलत नाहीत. दिशा स्थिर आणि अंतर घटते, या दोन गोष्टी एकत्र आल्या की टक्कर ठरलेली, हा सागरी शास्त्रातील पहिला सिद्धांत होय.

आता उदाहरणात एकच बदल करा. दुसऱ्या जहाजाचा वेग १२ ऐवजी ९ नॉट धरा. पंधरा मिनिटांनी आपण बिंदूपासून तीन मैलांवर असू, ते पावणेचार मैलांवर. आता ते ४५ ऐवजी सुमारे ५१ अंशांवर दिसेल. म्हणजे ते हळूहळू आपल्या पिछाडीकडे सरकते आहे. ते आपल्या मागून जाईल. गणित केल्यास असे दिसते की ही दोन जहाजे सुमारे चौतीस मिनिटांनी एकमेकांच्या सर्वाधिक जवळ येतील आणि त्या वेळी त्यांच्यात १.२ मैल अंतर असेल. ‘किती जवळून’ आणि ‘किती वेळाने’ ही दोन उत्तरे म्हणजेच धोक्याचे मोजमाप. आजची यंत्रे क्षणार्धात जी दोन संख्या पडद्यावर दाखवतात, त्या याच.

येथे मानवी मनाचा एक स्वभाव आडवा येतो, आणि तो ध्यानात घेण्याजोगा आहे. आपली नजर हालचालीने सावध होते. जे सरकते, ते चटकन डोळ्यांत भरते. जे स्थिर असते, ते दृष्टीआड होते. परंतु समुद्रावर खिडकीच्या काचेवरून सरकत जाणारा दिवा निरुपद्रवी असतो, आणि एकाच जागी खिळलेला, शांतपणे ठळक होत जाणारा दिवा जीवघेणा असतो. निसर्गाने दिलेल्या सवयीच्या नेमके उलट येथे शिकावे लागते. म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नये, होकायंत्रावरून त्या जहाजाचा दिशाकोन पुन्हा पुन्हा मोजावा, असा दंडक आहे.

या सिद्धांतालाही मर्यादा आहेत. समोरचे जहाज फार लांबीचे असेल, ते मागे दुसरे काही ओढत असेल, किंवा ते अगदी जवळ आलेले असेल, तर दिशाकोन बदलत असतानाही धोका संपलेला नसतो. आपण मोजलेला कोन त्याच्या डोलकाठीचा असतो. टक्कर मात्र त्याच्या नाळेशी किंवा ओढल्या जाणाऱ्या बार्जशी होऊ शकते. नियमांनी ही सूचना मुद्दाम नोंदवली आहे.

नियमांची घडण

शिडांच्या काळात वाऱ्यावरून कोणी कोणाला वाट द्यायची याचे संकेत होते. वाफेची जहाजे आली आणि ते संकेत अपुरे पडले. इंग्लंडमधील ट्रिनिटी हाउस या संस्थेने १८४० मध्ये वाफेच्या जहाजांसाठी नियम केला. त्याचे तात्पर्य असे की समोरासमोर आल्यास दोघांनी उजवीकडे वळून डाव्या बाजूस डावी बाजू ठेवून जावे. पुढे ब्रिटन व फ्रान्स यांनी विचारविनिमय करून १८६३ मध्ये नियमावली सिद्ध केली आणि अनेक देशांनी ती लवकरच स्वीकारली. १८८९ ची वॉशिंग्टन परिषद, १९१० ची ब्रुसेल्स परिषद असे टप्पे ओलांडीत आजची आंतरराष्ट्रीय नियमावली १९७२ मध्ये संमत झाली आणि १५ जुलै १९७७ पासून लागू झाली. तीत मूळचे ३८ नियम होते. नंतरच्या भरीमुळे ते आज ४१ आहेत.

भाषेचा अभ्यासक म्हणून मला या इतिहासातील दोन गोष्टी विशेष वाटतात. पहिली अशी की ब्रिटनच्या व्यापार मंडळातील टॉमस ग्रे या अधिकाऱ्याने हे नियम खलाशांच्या जिभेवर बसावेत म्हणून पद्यात गुंफले आणि ती कवने पुढे पिढ्यान्‌पिढ्या पाठ केली गेली. आपल्याकडे वैद्यक आणि गणित श्लोकबद्ध झाले, त्याच जातीचा हा उद्योग. ज्या ज्ञानाची गरज मध्यरात्री, थकल्या अवस्थेत आणि घाबरल्या मनाला लागणार, ते पाठच असावे लागते.

दुसरी गोष्ट शब्दांच्या अर्थाची. जुन्या ब्रिटिश जहाजांवर सुकाणूवाल्याला ‘उजवीकडे’ असा हुकूम दिला, तर जहाज डावीकडे वळत असे. कारण तो हुकूम जहाजाला नव्हता, सुकाणूच्या दांड्याला होता. दांडा उजवीकडे ढकलला की जहाज डावीकडे जाते. दांड्याच्या जागी चाक आले, तरी हुकूम जुनाच राहिला. १९३० च्या दशकात ही रीत बंद होऊन ‘उजवीकडे’ म्हणजे जहाज उजवीकडे, असा एकच अर्थ ठरला. शब्द तेच राहून त्यांचा आधार सरकतो, तेव्हा केवढा गोंधळ माजू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

दिव्यांची लिपी

रात्री जहाजाचा आकार दिसत नाही, दिसतात ते दिवे. म्हणून दिव्यांची एक लिपीच घडवलेली आहे. यंत्रावर चालणाऱ्या जहाजाच्या डाव्या अंगाला तांबडा दिवा, उजव्या अंगाला हिरवा. हे दोन्ही नाळेच्या समोरून आपापल्या बाजूला साडेबाविसांनी नव्वद ओलांडून, म्हणजे ११२.५ अंशांपर्यंत दिसतात. पिछाडीचा पांढरा दिवा उरलेल्या १३५ अंशांत दिसतो. तिन्हींची बेरीज ३६०. वर्तुळ पूर्ण होते. यांखेरीज डोलकाठीवर पांढरा दिवा, आणि जहाज मोठे असल्यास मागे त्याहून उंच असा दुसरा.

आता ही लिपी वाचायची कशी ते पाहा. समोर तांबडा आणि हिरवा दोन्ही दिसत असतील, तर ते जहाज नेमके आपल्याकडे तोंड करून आहे. दोघांनीही उजवीकडे वळावे. आपल्या उजव्या हाताला तांबडा दिवा दिसला, तर समोरचे जहाज उजवीकडून आपली वाट छेदते आहे. वाट द्यायची ती आपण, आणि शक्यतो त्याच्या नाळेपुढून न जाता. मघाच्या उदाहरणात उत्तरेकडे जाणाऱ्या आपल्याला पूर्वेकडून येणाऱ्या जहाजाचा तांबडाच दिवा दिसला असता. म्हणून उजवीकडे ठळक वळून त्याच्या पिछाडीमागून जाणे, किंवा वेग कमी करणे, हे आपले कर्तव्य होते. डाव्या हाताला हिरवा दिवा दिसला, तर वाट देणारा तो. केवळ पिछाडीचा पांढरा दिवा दिसत असेल, तर आपण त्याला मागून गाठत आहोत. अशा वेळी आपण त्याच्यापासून दूर राहिले पाहिजे, मग बाजू कोणतीही असो.

जहाजांचे प्रकारही विचारात घेतले आहेत. यंत्रावर चालणाऱ्याने शिडाच्या नौकेला, या दोघांनी जाळे ओढत असलेल्या मासेमारी नौकेला, आणि सर्वांनी आपल्या कामामुळे वा बिघाडामुळे वळू न शकणाऱ्या जहाजाला वाट द्यावी. ज्याची हालचाल अधिक बांधलेली, त्याला अधिक मोकळीक. न्यायाचे हे तत्त्व साधे आणि थोर आहे. मात्र अरुंद खाडीमार्गात ते उलटते. मोठे जहाज जेथे खोल पाण्याच्या चिंचोळ्या पट्ट्यातूनच जाऊ शकते, तेथे लहान नौकांनी व मासेमारांनी त्याची वाट अडवता कामा नये.

भोंग्याचीही भाषा आहे. जहाजे एकमेकांच्या नजरेत असताना एक छोटा भोंगा म्हणजे ‘मी उजवीकडे वळतो आहे’, दोन म्हणजे ‘डावीकडे’, तीन म्हणजे ‘माझे यंत्र उलटे फिरते आहे’. पाच वा अधिक झटपट भोंगे म्हणजे ‘तुमचा हेतू मला कळत नाही’. न कळल्याची कबुली देण्यासाठी स्वतंत्र चिन्ह राखून ठेवणारी ही भाषा मला फार प्रामाणिक वाटते.

हक्क नव्हे, कर्तव्य

या नियमावलीचे बारकाईने वाचन केले असता एक गोष्ट लक्षात येते. दोन यंत्रचालित जहाजे भेटतात तेव्हा वाट मिळण्याचा ‘हक्क’ कोणालाही दिलेला नाही. एका जहाजावर वाट देण्याचे कर्तव्य आहे, दुसऱ्यावर आपली दिशा व वेग कायम राखण्याचे. कारण पहिल्याने काही करायचे, तर दुसरा काय करणार हे त्याला निश्चित ठाऊक असले पाहिजे. परंतु पहिला कर्तव्य करीत नाही असे दिसू लागले, तर दुसऱ्याला स्वतः हालचाल करण्याची मुभा आहे. आणि एकट्या पहिल्याच्या हालचालीने टक्कर टळणार नाही इतके जवळ आल्यावर ती मुभा राहत नाही, तेही कर्तव्य होते. ‘माझी चूक नव्हती’ असे म्हणत बुडण्याची सवलत नियम कोणालाही देत नाहीत.

हालचाल कशी असावी, याचेही मार्गदर्शन आहे. ती वेळेवर असावी, निःसंदिग्ध असावी आणि समोरच्याला नजरेने वा रडारवर सहज कळेल इतकी मोठी असावी. थोडे थोडे, चाचपडत वळणे हे निषिद्ध मानले आहे. कारण आपल्या हालचालीचे काम दुहेरी असते: जहाज दूर नेणे हे एक, आणि आपला हेतू दुसऱ्याला कळवणे हे दुसरे. पुटपुटणे जसे वक्तृत्वात दोष, तसेच ते येथेही.

आणि सर्वांत महत्त्वाचे वाक्य सातव्या नियमात आहे. त्याचा आशय असा: टकरीचा धोका आहे की नाही याबद्दल शंका असेल, तर तो आहे असेच मानावे, आणि तुटपुंज्या माहितीवरून, विशेषतः रडारवरील तुटपुंज्या माहितीवरून, अनुमाने करू नयेत. न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. विद्वानांच्या चर्चेत शंका आली की निर्णय लांबणीवर पडतो. समुद्रावर मात्र शंका हाच निर्णय. शंकेचा फायदा घ्यायचा तो सुरक्षिततेने.

एका रात्रीची कहाणी

हे नियम पुस्तकी वाटू नयेत म्हणून एक प्रसिद्ध घटना सांगतो. २५ जुलै १९५६ ची रात्र. इटलीचे ‘आंद्रेआ डोरिया’ हे देखणे प्रवासी जहाज सतराशेवर माणसे घेऊन न्यूयॉर्ककडे निघाले होते. स्वीडनचे ‘स्टॉकहोम’ न्यूयॉर्कहून गोटेबर्गकडे चालले होते. अमेरिकेच्या नॅन्टुकेट बेटाजवळच्या समुद्रात डोरिया दाट धुक्यातून सुमारे २२ नॉट वेगाने चालले होते. स्टॉकहोम धुक्याच्या कडेबाहेर सुमारे १८ नॉटने. दोघांजवळ रडार होते आणि दोघांनी एकमेकांना कित्येक मैलांवरून रडारवर पाहिले होते.

डोरियाचे कप्तान पिएरो कलामाई यांचा ग्रह असा झाला की समोरचे जहाज उजव्या हाताने निघून जाईल. अंतर थोडे वाढावे म्हणून त्यांनी डावीकडे अवघे चार अंश वळण घेतले. स्टॉकहोमवरील तरुण अधिकाऱ्याचा ग्रह नेमका उलट होता: समोरचे जहाज आपल्या डाव्या हाताने जाईल. डोरियाचे ते चार अंशांचे वळण त्याला कळण्याजोगे नव्हतेच. रडारवर दिसलेल्या ठिपक्याच्या जागा कागदावर वेळोवेळी मांडून त्याची खरी वाटचाल काढावी, ही रीत डोरियावर पाळली गेली नाही. दोन मैलांहून कमी अंतरावर दिवे दिसले तेव्हा स्टॉकहोम उजवीकडे वळले आणि डोरिया पूर्ण डावीकडे. रात्री अकरा वाजून गेल्यावर स्टॉकहोमची, बर्फातून जाण्यासाठी मजबूत केलेली नाळ डोरियाच्या उजव्या कुशीत घुसली. एकूण ५१ माणसे दगावली. इतर जहाजे धावून आल्याने बाकीची बचावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोरिया तळाशी गेले.

या अपघाताला पुढे ‘रडारच्या साहाय्याने झालेली टक्कर’ असे उपरोधाने म्हटले गेले. ते उगाच नव्हे. यंत्राने दोघांनाही पुरेसे आधी सावध केले होते. प्रत्येकाने एक अर्थ लावला, आणि मग तो अर्थ तपासून पाहण्याऐवजी त्याच्याच आधाराने पुढची पावले टाकली. दोष कोणाचा, याचा निवाडा न्यायालयात झाला नाही. तडजोडीने प्रकरण मिटले. आपल्याला त्यातून घ्यायचे ते एवढेच, की चार अंशांचे वळण म्हणजे पुटपुटणे होते.

वाटांची विभागणी आणि नवी यंत्रे

पुढची मोठी सुधारणा इंग्लिश खाडीने शिकवली. डोव्हरच्या सामुद्रधुनीत १९६७ पासून येणाऱ्या व जाणाऱ्या जहाजांसाठी वेगवेगळे पट्टे आखले होते, पण ते पाळणे ऐच्छिक होते. ११ जानेवारी १९७१ रोजी चुकीच्या पट्ट्यातून आलेले ‘पाराकास’ हे मालवाहू जहाज ‘टेक्साको कॅरिबियन’ या तेलवाहू जहाजावर आदळले. दुसऱ्याच दिवशी त्या अवशेषांवर ‘ब्रांडेनबुर्ग’ आदळून बुडाले, आणि फेब्रुवारीअखेर, इशाऱ्याचे दिवे लावलेले असतानाही, ‘निकी’ त्याच जागी बुडाले. तिन्ही दुर्घटनांत मिळून ५१ माणसे गेली. १९७२ च्या नियमावलीने अशा पट्ट्यांची शिस्त बंधनकारक केली.

आज रडारला जोडलेला संगणक समोरच्या प्रत्येक जहाजाची वाटचाल स्वतःच आखतो आणि मघाशी सांगितलेल्या दोन संख्या दाखवतो. २००४ अखेरपासून आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टन व त्याहून मोठ्या जहाजांवर ‘एआयएस’ हे स्वयंचलित ओळखयंत्र बसवणे बंधनकारक आहे. ते जहाजाचे नाव, जागा, दिशा आणि वेग आपणहून प्रक्षेपित करते. एवढे असूनही १७ जून २०१७ रोजी जपानजवळ अमेरिकेची ‘फिट्झजेराल्ड’ ही अत्याधुनिक विनाशिका ‘एसीएक्स क्रिस्टल’ या कंटेनरवाहू जहाजाशी टकरावली आणि सात नौसैनिक मृत्युमुखी पडले. ते जहाज विनाशिकेच्या उजव्या हाताला होते. वाट द्यायची होती ती विनाशिकेने. पडद्यावर माहिती असणे आणि माणसाने ती जाणून घेणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच नियमावलीने डोळे व कान उघडे ठेवून सतत टेहळणी करण्याचा नियम सर्व यंत्रांच्या आधी ठेवला आहे, आणि तो आजही तेथेच आहे.

आपला किनारा

आता घराजवळ येऊ. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी, जवाहरलाल नेहरू बंदरातून बाहेर पडणारे ‘एमएससी चित्रा’ आणि आत येणारे ‘खलिजिया-३’ यांची भरदिवसा टक्कर झाली. चित्रा एका कुशीवर कलंडले, शेकडो कंटेनर समुद्रात पडले, शेकडो टन तेल सांडून किनारे काळवंडले आणि देशातील या सर्वांत गजबजलेल्या जलमार्गाची वाहतूक काही दिवस थांबवावी लागली. टक्कर ही दोन जहाजांपुरती राहत नाही. किनाऱ्यावरच्या कोळ्याची चूलही तिच्यात विझते.

२१ नोव्हेंबर २०२४ रोजी आपल्या गोव्याच्या वायव्येस सुमारे ७० सागरी मैलांवर ‘मारथोमा’ ही मासेमारी नौका आणि भारतीय नौदलाची पाणबुडी यांची टक्कर झाली. नौकेवर १३ जण होते. अकरांना वाचवण्यात आले; दोघे परतले नाहीत. त्या घटनेचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. पण मोठे जहाज आणि लहान होडी यांच्या भेटीत प्राण कोणाच्या बाजूने जातात, हे सांगायला निवाड्याची गरज नाही.

म्हणून ज्या विद्यार्थ्यांच्या घरी समुद्राचा व्यवसाय आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी आवर्जून सांगतो. पहिली, ‘मोठ्या जहाजाला आपण दिसतच असू’ हे गृहीत धरू नये. मालाने लादलेल्या जहाजाच्या पुलावरून पाहताना नाळेपुढील पाण्याचा काही भाग झाकलेला राहतो. नियमांनी त्याला मर्यादा घातली असली तरी ती ५०० मीटरपर्यंत जाऊ शकते. त्या पट्ट्यात शिरलेली होडी वरून दिसणारच नाही. दुसरी, लाकडी वा फायबरची नौका रडारवर क्षीण उमटते, आणि खवळलेल्या समुद्रात तर लाटांच्या गर्दीत हरवते. रडार-परावर्तक आणि ओळखयंत्र हा खर्च नव्हे, विमा आहे. तिसरी, जाळी ओढताना लावलेल्या झगझगीत दिव्यांनी नौकेचे नियमाचे रंगीत दिवे झाकले जातात. ट्रॉलरने पांढऱ्यावर हिरवा आणि इतर मासेमारी नौकेने पांढऱ्यावर तांबडा दिवा लावायचा असतो. ही अक्षरे पुसली, तर वाचणाऱ्याने वाचायचे काय? आणि चौथी, सगळे जाळ्याला लागले असताना एक तरी माणूस समुद्राकडे पाहणारा असावा, आणि तो झोपेने गळलेला नसावा.

श्रोतेहो, भूमितीने आपल्याला सांगितले की जो दिवा जागचा हलत नाही त्याच्याकडे पाहावे. भाषेने सांगितले की आपला हेतू पुटपुटू नये, आणि न कळल्यास तसे स्पष्ट कळवावे. आणि नियमाने सांगितले की शंका आली की धोका आहे असेच मानून वेळीच वळावे. यांतले काहीही अवघड नाही. आठवी-नववीच्या मुलाला समजेल असे आहे. अवघड आहे ते पहाटे तीन वाजता, समुद्र शांत आणि डोळे जड असताना, त्याचे विस्मरण न होऊ देणे. शाळेत पाठ केलेल्या सिद्धांताचा खरा कस अशाच वेळी लागतो, आणि त्या वेळी तो आठवावा म्हणूनच चांगले शिक्षक तो शंभर वेळा घोटून घेतात. ज्यांच्या नावाने आपण जमलो आहोत ते अशा शिक्षकांपैकी होते.